दूरध्वनीने वगळलेली भाषा

बोटांची बोली आपल्या मुलखाला अपरिचित नाही. साताऱ्यातील पुसेगाव आणि सांगलीतील खरसुंडी येथील यात्रा खिलार जनावरांसाठी प्रसिद्ध आहेत. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत जुनी आहे. करपल्लवी हा शब्दही तितकाच मुरलेला. परंतु उपरण्याखालची बोटे केवळ आकडे सांगतात, आणि करपल्लवी बोलल्या भाषेचीच अक्षरे हातांनी मांडते. कर्णबधिरांची सांकेतिक भाषा या दोहोंहून वेगळी आहे. तिला स्वतंत्र व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेत ‘कोण’, ‘काय’ हे प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी येते आणि चेहराही प्रश्नाचा भाग होतो.

ही भाषा दीर्घकाळ भाषा मानलीच गेली नाही. १८७६ मध्ये दूरध्वनीचे पेटंट घेणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांची आई व पत्नी दोघींनाही ऐकू येत नसे. तरीही बेल हातांच्या भाषेऐवजी ओठांच्या भाषेचे पुरस्कर्ते होते. १८८० च्या मिलान परिषदेने शिक्षणात वाचिक पद्धतीलाच श्रेष्ठ ठरवले. पुढे भारतातील शाळांतही तोच कित्ता गिरवला गेला. खुणा वर्गाबाहेर, वसतिगृहांत आणि मैदानांवर तगल्या.

अमेरिकी सांकेतिक भाषेच्या रचनेवरील विल्यम स्टोकी यांचे लेखन १९६० साली आले. भारतात वशिष्ठ, वुडवर्ड आणि विल्सन यांनी १९७० च्या दशकात दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथे अभ्यास केला. शब्दसंग्रह प्रदेशागणिक बदलतो, पण व्याकरण मुळात एकच, असे त्यांना आढळले.

म्हणजे अभ्यास महानगरांचा झाला. सातारा आणि सांगली यांच्यातील सव्वाशे किलोमीटरांचे अंतर ऐकणाऱ्यांसाठी दूरध्वनीने केव्हाच मिटवले होते. खुणांनी बोलणाऱ्यांना मात्र भेटीसाठी एसटीच गाठावी लागे. २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला, आणि घरबसल्या गप्पा मारण्याची साधी सोय त्यांच्याही हाती आली.

या संभाषणाचेही शास्त्र आहे. कीटिंग आणि मायरस यांनी २००३ मध्ये नोंदवले की कॅमेऱ्यापुढे हात चौकटीत आखडले जातात, खुणा मंदावतात, त्यांची पुनरुक्ती होते आणि अंग वळवून खूण दिसेल असे पाहिले जाते. सामूहिक कॉलमध्ये तर आवाज करणाऱ्याचीच चौकट आपोआप पुढे येते. हातांनी बोलणारा मागे राहतो. यंत्र बदलले, गृहीतक बेलच्याच काळातले राहिले.

दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा कोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला. प्रमाणीकरण आवश्यकच आहे. परंतु प्रमाण मराठीच्या कोशांबरोबर बोलींचे काय होते, हे मराठीच्या अध्यापकांना सांगावे लागू नये. माण-आटपाडीच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या खुणा कोशाबाहेर राहिल्या, तर त्यांना लिखित पुरावाही उरणार नाही. आमच्या विभागांतून बोलींवर प्रबंध लिहिले जातात. त्या यादीत या बोलीलाही स्थान हवे, आणि तिचे अभ्यासक प्रथम कर्णबधिर हवेत.