युद्धोत्तर इंग्लंडमधील उपनगरी आरोग्यव्यवस्था : हॅरोच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा (१९४५-१९७४)

प्रस्तावना

इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास प्रामुख्याने औद्योगिक शहरांच्या संदर्भात लिहिला गेला आहे. पटकीच्या साथी, दाटीवाटीच्या वस्त्या, उघडी गटारे आणि त्यांवर उपाय म्हणून आलेले १८४८ व १८७५ चे सार्वजनिक आरोग्य कायदे हे या इतिहासाचे परिचित टप्पे होत. त्या तुलनेत विसाव्या शतकात लंडनभोवती वाढलेल्या उपनगरांच्या आरोग्यव्यवस्थेकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. उपनगर म्हणजे मोकळी हवा, बाग आणि निरोगी जीवन, ही समजूत त्यास बहुतांशी कारणीभूत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या उपनगरांतील आरोग्यप्रशासनाचे स्वरूप कसे बदलले आणि त्यातून काय साधले व काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपनगराची जडणघडण

मिडलसेक्स परगण्यातील हॅरो हे या प्रकारचे ठळक उदाहरण होय. १९३४ साली हॅरो-ऑन-द-हिल व वील्डस्टोन हे नागरी जिल्हे आणि पिनर, स्टॅनमोर आदी गावांचा समावेश असलेला हेंडन ग्रामीण जिल्हा एकत्र करून हॅरो नागरी जिल्ह्याची स्थापना झाली. मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या आधाराने शेतजमिनींवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९५१ च्या जनगणनेपर्यंत जिल्ह्याची लोकसंख्या दोन लाखांहून अधिक झाली होती. १९५४ मध्ये त्यास नगरपालिकेचा दर्जा मिळाला.

या झपाट्याच्या वाढीमुळे मैल्याच्या व सांडपाण्याच्या विल्हेवाटीचा प्रश्न युद्धापूर्वीच तीव्र झाला होता. प्रत्येक लहान स्थानिक संस्थेने आपापले मैलाशुद्धीकरण केंद्र चालवावे, ही जुनी पद्धत आता पुरेशी नव्हती. म्हणून मिडलसेक्स परगणा परिषदेने पश्चिम भागासाठी एकत्रित योजना आखली. १९३६ साली आयलवर्थजवळ मॉग्डेन येथे मोठे केंद्र सुरू झाले आणि २८ लहान केंद्रे बंद करण्यात आली. युद्धोत्तर उपनगराचे आरोग्य या भूमिगत व्यवस्थेवर उभे होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या पायामुळेच उपनगर ‘स्वभावतः निरोगी’ असल्याचा समज दृढ झाला, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१९४८ : अधिकारांची फाळणी

१९४६ च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याची अंमलबजावणी ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. त्यानुसार रुग्णालये प्रादेशिक मंडळांकडे गेली. मातृबालसंगोपन, लसीकरण, गृहपरिचर्या व रुग्णवाहिका या सेवा परगणा परिषदांकडे सोपविण्यात आल्या. नागरी जिल्ह्यांच्या हाती उरले ते मुख्यतः परिसराचे आरोग्य, म्हणजे मैलापाणी, कचरा, घरांची दुरवस्था, अन्नाची तपासणी, उंदीर-घुशींचा नाश आणि संसर्गजन्य रोगांच्या नोंदी.

या बदलाचा आघात वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदावर झाला. एकेकाळी जिल्ह्याच्या संपूर्ण आरोग्याचा पालक मानला जाणारा हा अधिकारी आता आजाराच्या कारणांवर लक्ष ठेवी, पण उपचाराची साधने त्याच्या हाती नसत. जेन लुईस यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात या पदाच्या ऱ्हासाची मीमांसा करताना, युद्धपूर्व काळातच हे अधिकारी रुग्णालयांच्या कारभारात गुंतून आपले मूळ कार्य विसरले, असे प्रतिपादन केले आहे. हे मत मोलाचे असले तरी जिल्हा पातळीवरील दैनंदिन कामाचा विचार करता त्यास मुरड घालावी लागते.

दैनंदिन कार्य आणि त्याच्या मर्यादा

या कामाचा भार स्वच्छता निरीक्षकांवर होता. १९५६ साली कायद्याने त्यांचे पदनाम बदलून ‘सार्वजनिक आरोग्य निरीक्षक’ असे करण्यात आले. तुंबलेली गटारे, ओल धरलेल्या भिंती, उपाहारगृहांची स्वयंपाकघरे, खाटिकखाने ही त्यांची कार्यक्षेत्रे होती. १९४९ चा उपद्रवी प्राणी प्रतिबंधक कायदा, १९५५ चा अन्न व औषध कायदा आणि १९५७ चा गृहनिर्माण कायदा यांनी त्यांच्या अधिकारांना बळ दिले.

त्यांच्या कार्याची व्याप्ती १९५२ नंतर वाढली. त्या वर्षी ५ ते ९ डिसेंबर या काळात लंडनवर पसरलेल्या विषारी धुरक्याने सुमारे ४,००० बळी घेतल्याचे त्या वेळी मानले गेले. पुढील संशोधनाने हा आकडा सुमारे १२,००० पर्यंत नेला. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. धूरनियंत्रण क्षेत्र घोषित करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला आणि घरातील शेगडी बदलण्याच्या खर्चाचा किमान सात-दशांश भाग सार्वजनिक निधीतून देण्याची तरतूद झाली. धूर केवळ कारखान्यांचा नसून घराघरातील कोळशाच्या शेगडीचाही आहे, हे मान्य करणे उपनगरी मध्यमवर्गास सोपे नव्हते. निरीक्षकाचा प्रवेश आता गरिबांच्या वस्तीपुरता उरला नाही. तो सुखवस्तू दिवाणखान्यापर्यंत पोहोचला.

रोगांचे स्वरूपही बदलत होते. १९४० साली इंग्लंड व वेल्समध्ये घटसर्पाचे सुमारे ४६,००० रुग्ण नोंदले गेले होते. लसीकरणामुळे १९५० च्या दशकाच्या अखेरीस हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. याउलट १९४७ साली पोलिओची मोठी साथ आली. स्वच्छता सुधारल्याने बालकांना अगदी लहान वयात होणारा सौम्य संसर्ग लांबणीवर पडला आणि मोठ्या वयात तो अधिक घातक ठरू लागला. स्वच्छतेच्या यशातूनच नवा धोका निर्माण व्हावा, हा विरोधाभास उपनगरी समाजास विशेष जाणवणारा होता. १९५६ मध्ये सुरू झालेल्या लसीकरणानंतर ही भीती ओसरू लागली.

या व्यवस्थेची एक कठोर बाजूही होती. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याच्या कलम ४७ अन्वये, अस्वच्छ परिस्थितीत एकाकी राहणाऱ्या व स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या वृद्ध वा आजारी व्यक्तीस वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून, न्यायालयाच्या आदेशाने, घरातून हलविता येत असे. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ‘उपद्रव’ ठरलेली व्यक्ती ही प्रत्यक्षात एकाकीपणाची बळी असे. स्वच्छतेचा कायदा आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य यांतील हा संघर्ष तेव्हा सुटला नाही. इंग्लंडमध्ये हे कलम २०१५ सालापर्यंत अस्तित्वात राहिले.

समारोप

१९६५ मध्ये मिडलसेक्स परगणा परिषद संपुष्टात येऊन हॅरो हा बृहद् लंडनचा भाग झाला. एकाच जुन्या जिल्ह्यातून बनलेला तो एकमेव लंडन बरो होय. १ एप्रिल १९७४ रोजी वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याचे पदच रद्द झाले. एका शतकाहून अधिक काळ दरवर्षी लिहिला जाणारा स्थानिक आरोग्याचा अहवालही त्याबरोबर थांबला. हानी केवळ एका पदाची नव्हती. एका विशिष्ट भूभागाचे पाणी, हवा, घर आणि रोग यांचा एकत्रित विचार करून तो लोकप्रतिनिधींपुढे जाहीरपणे मांडणारी दृष्टी त्याबरोबर विखुरली.

२०१३ साली सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी इंग्लंडमधील स्थानिक संस्थांकडे पुन्हा सोपविण्यात आली, ही घटना या संदर्भात सूचक आहे. स्वच्छतेचे यश दिसेनासे झाले की ते टिकविणाऱ्या यंत्रणेची गरजही दिसेनाशी होते. युद्धोत्तर उपनगराच्या इतिहासाचा हाच मुख्य निष्कर्ष होय.