क्ष-किरणांचा इतिहास आणि मावशींचा प्रश्न

बीजगणितात अज्ञात संख्येला आपण 'क्ष' म्हणतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म रॉंटजेन यांना नवे किरण सापडले. त्यांचे स्वरूप अज्ञात, म्हणून त्यांनी त्यांना 'एक्स' म्हटले. मराठीत ते क्ष-किरण झाले.

हाडे दिसू लागली, जगाला आनंद झाला. पण नळी नीट चालते का हे पाहायला काम करणारे स्वतःचाच हात किरणांपुढे धरत. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली हेच करत असे. आधी हात भाजले, मग कापावे लागले आणि १९०४ मध्ये वयाच्या ३९व्या वर्षी तो गेला.

धोका कुणालाच ठाऊक नव्हता, असे मात्र नाही. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी १९०१ मध्येच गिनीपिगांवर प्रयोग करून हे किरण जीव घेऊ शकतात हे दाखवले होते. नळीभोवती शिशाचे आवरण घाला, असे ते सांगत होते. फार थोड्यांनी ऐकले. उर्दूत 'इल्म' आणि 'अमल' हे शब्द जोडीने येतात. इथे इल्म होते, अमल नव्हता.

ब्रिटनमध्ये संरक्षण समिती नेमली गेली ती १९२१ मध्ये. दिवसाला सात तासांहून जास्त काम नको, वर्षाला महिनाभर सुट्टी हवी, असे तिने सांगितले. १९२८ मध्ये स्टॉकहोमला आंतरराष्ट्रीय समिती झाली. १९३६ मध्ये हॅम्बुर्गला या किरणांच्या बळींचे स्मारक उभे राहिले. त्यावर १६९ नावे होती. त्यांत डॉक्टरांबरोबर तंत्रज्ञ आणि परिचारिकाही होत्या.

आज रुग्णालयांत कर्मचाऱ्यांचे ज्ञान प्रश्नावली देऊन तपासतात. मी शिक्षक आहे. पाठ केलेले उत्तर आणि समजलेले उत्तर यांतला फरक रोज पाहतो. 'संरक्षणाची तीन सूत्रे कोणती?' याला 'वेळ, अंतर, आडोसा' असे उत्तर कुणीही लिहील. पण दोन पावलांऐवजी चार पावले दूर उभे राहिले तर मात्रा निम्मी होते की पाव? पाव होते. छातीवरचा बॅज किरण अडवतो का? नाही, तो फक्त मिळालेल्या मात्रेची नोंद ठेवतो. यंत्र बंद झाल्यावर खोलीत किरण उरतात का? उरत नाहीत. म्हणजे भीती कुठे बाळगायची आणि कुठे नाही, हेही शिकवावे लागते.

आणि हे प्रश्न विचारायचे कुणाला? डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांच्यापाशी यादी संपते. रडणाऱ्या मुलाचा हात धरायला मात्र बऱ्याचदा वॉर्डातल्या मामांना किंवा मावशींना बोलावतात. डॅलीचीही शास्त्रज्ञांत गणना नव्हती. तो काच फुंकणारा कारागीर होता. पुढची प्रश्नावली मावशींनाही द्या, त्यांच्या भाषेत. वाचता येत नसेल, तर तोंडी विचारा.