राणीच्या वेषातील झलकारी

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. ३ एप्रिलला शत्रू शहरात शिरला. दुसऱ्या रात्री राणी लक्ष्मीबाई किल्ल्यातून निसटल्या. लोकपरंपरा सांगते की, त्या वेळी राणीचा वेष धारण करून एक स्त्री थेट इंग्रजांच्या छावणीत गेली आणि तिने त्यांना भुलविले. ती होती भोजला गावची, कोरी समाजातील झलकारीबाई. सोंग साधावयाचे तर स्वतःचे नाव पुसावे लागते. तिने ते पुसले. तिच्या समाजाने मात्र ते मुखोमुखी जपले. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ मधील कादंबरीने ते वाचकांपर्यंत नेले. २००१ मध्ये तिचे टपाल तिकीट निघाले. त्यावर चेहरा तिचा, आणि नावही तिचेच.