टायटल, विमा आणि वकिलाची फी

पडकं घर स्वस्तात घ्यायचं, चार-सहा महिन्यांत दुरुस्त करायचं आणि नफ्यात विकायचं. अमेरिकेत याला 'फ्लिप' म्हणतात. यात खर्च कुठे वाचेल हे बघताना पहिली नजर जाते ती वकिलाच्या फीवर. न्यू जर्सीतल्या आमच्या भाच्याचाही हाच प्रश्न, "मामा, टायटल इन्शुरन्स असताना वकील कशाला?" प्रश्न नवा वाटतो, पण त्याच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

पेनसिल्व्हेनियात वॉटसन नावाच्या गृहस्थाने म्युअरहेड या कागदपत्रं तपासणाऱ्या माणसाच्या भरवशावर मालमत्ता घेतली. जुन्या देण्यांचे कोर्टाचे हुकूम म्युअरहेडला दिसले होते. पण त्यांचा मालमत्तेवर बोजा नाही, असं वकिलाचं मत पडलं आणि त्याने टायटल क्लिअर असल्याचं कळवलं. पुढे बोजा निघाला, वॉटसनचे पैसे बुडाले. १८६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, वकिलाच्या मतावर विसंबला हा काही हलगर्जीपणा नाही, तेव्हा भरपाई नाही. म्हणजे नुकसान झालं, पण चुकलं कोणीच नाही! याच धास्तीतून १८७६ मध्ये फिलाडेल्फियात टायटलचा विमा उतरवणारी पहिली कंपनी निघाली.

दुसरी गोष्ट उलट टोकाची. १९७१ मध्ये व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत गोल्डफार्ब नवरा-बायको घर घेत होते. कर्जासाठी विमा हवा, विम्यासाठी टायटल सर्च हवा, आणि तो करायचा फक्त वकिलाने. फी घराच्या किमतीच्या एक टक्का. त्यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रं लिहिली. १९ उत्तरं आली, पण कमी घ्यायला एकही तयार नाही, कारण दरपत्रक वकिलांच्या संघटनेचंच! १९७५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते बेकायदा ठरवलं.

न्यू जर्सीत तर एका राज्यात दोन रीती. उत्तरेत घर घेताना वकील असतोच, दक्षिणेत बहुधा नसतो. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिणेची रीत चालू ठेवली, मात्र वकील न घेण्यातली जोखीम ग्राहकाला आधी सांगायची अट घातली.

मला विचाराल तर विमा आणि वकील ही दोन वेगळी कामं आहेत. विमा जुन्या दोषाची भरपाई देतो. फ्लिप करणारा मात्र आज घेणारा आणि उद्या विकणारा असतो. करारातून बाहेर कसं पडायचं, कंत्राटदाराचे पैसे थकले आणि त्याने घरावर बोजा चढवला तर काय, विकताना आपण कसली हमी देतोय, हे विमा सांगत नाही. दलालाला कमिशन मिळतं ते व्यवहार झाला तरच. ठरलेल्या फीवर काम करणारा वकील 'हे घर घेऊ नकोस' असं बिनधास्त सांगू शकतो. निदान पहिल्या फ्लिपला तो असावा. आणि हो, चार जणांकडे फी विचारावी. गोल्डफार्ब दांपत्य कोर्टात गेलं ते याचसाठी.