परसातील कोंबड्या आणि लहान श्वानाची निवड
बंगळुरूत यशवंतपूरपासून जवळच असलेल्या हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परसातील पालनासाठी 'गिरिराजा' कोंबडी विकसित करण्यात आली. अशा कोंबड्यांसोबत ठेवण्यासाठी लहान श्वान निवडताना आकारापेक्षा त्या जातीचे मूळ काम पाहावे. डॅशहुंडची पैदास बिळातील बिज्जूच्या, तर जॅक रसेल टेरियरची कोल्ह्याच्या शिकारीसाठी झाली. त्यामुळे पळणारी कोंबडी पाहताच त्यांची शिकारी वृत्ती जागी होऊ शकते. पग व शिह त्झू या केवळ सोबतीसाठी जोपासलेल्या जाती तुलनेने सौम्य असतात. मात्र खेळताना झडप घातली, तरी कोंबडी दगावू शकते. म्हणून पिल्लू असतानाच साखळी लावून, जाळीआडून ओळख करून द्यावी. देखरेखीविना त्यांना एकत्र सोडू नये आणि रात्री खुराडे बंद ठेवावे.