गिअरपेटीची पहिली पन्नास वर्षे

वाफेच्या इंजिनाला गिअर लागत नसे. वाफ सोडली की चाक हलण्याआधीच दट्ट्यावर पुरा जोर येई. पेट्रोल इंजिनाचे तसे नाही. ते फिरत असेल तरच त्यात जोर असतो, आणि वेग फार उतरला की ते बंद पडते. मोटारीला गिअरपेटी लागली ती या उणिवेमुळे.

ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन पतीच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. वाट सुमारे १०० किलोमीटरची. मोठा चढ आला की खाली उतरून गाडी ढकलावी लागे. परतल्यावर त्यांनी सुचवले आणि कार्ल बेंझ यांनी चढासाठी आणखी एक गिअर बसवला.

या गिअरने इंजिनाची शक्ती मुळीच वाढली नाही. शक्ती म्हणजे टॉर्क, अर्थात फिरवण्याचा जोर, गुणिले फिरण्याचा वेग. लहान चक्राने मोठे चक्र फिरवले की वेग जितक्या पटीने घटतो तितक्या पटीने टॉर्क वाढतो. गुणाकार तोच राहतो. दात्यांच्या घर्षणात थोडा घटतोच.

१८९१ च्या सुमारास पॅरिसमध्ये पानार-लव्हासोरच्या गाड्यांत सरकत्या चक्रांची गिअरपेटी आली. फिरती चक्रे एकमेकांत ढकलायची, त्यामुळे दाते खरखरत आणि झिजत. १८९८ मध्ये लुई रनो यांनी वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा दांडा थेट पुढे जोडला. दात्यांतली तूट टळली. त्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांची छोटी गाडी मोंमार्त्रचा रु लपिक हा खडा रस्ता चढून गेली.

१९०८ ची फोर्ड मॉडेल टी या हिशेबाचा उत्तम नमुना आहे. इंजिन २० अश्वशक्तीचे, पुढे जाण्याचे गिअर दोनच. खालच्या गिअरचे गुणोत्तर २.७५, मागच्या आसाचे ३.६४, मिळून १०. इंजिनाच्या दहा फेऱ्यांना चाकाची एक फेरी, पण टॉर्क जवळजवळ दहापट. रिव्हर्सचे गुणोत्तर तर ४. शिवाय पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानेच इंजिनात उतरे, खड्या चढावर ते पोहोचत नसे. म्हणून टेकडी चढताना लोक गाडी सरळ उलटी फिरवून रिव्हर्समध्ये वर नेत.

मॉडेल टीची चक्रे कायम एकमेकांत गुंतलेली असत. सरकत्या चक्रांच्या गाड्यांत मात्र डबल क्लच मारण्याचे कसब चालकाला शिकावेच लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवणे, पुन्हा क्लच, मग गिअर. हे काम १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेशवर सोपवले. त्यात शंकूच्या आकाराचे भाग आधी घासून वेग सारखे करतात, मग दाते जुळतात. बहुसंख्य चालकांसाठी हीच सर्वांत मोठी सुटका होती. १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबाइलच्या हायड्रामॅटिक गिअरपेटीने क्लचचे पेडलच काढून टाकले. तिच्यात मॉडेल टीसारखीच ग्रहमालेच्या रचनेची, कायम एकमेकांत गुंतलेली चक्रे होती. चार गिअर तेलाच्या दाबाने आपोआप बदलत.