पट्टी की मूठ? सायकलच्या हँडलाचा इतिहास

(१)
शिरपूरहून दोन प्रकारच्या वाटा निघतात. एक मुंबई–आग्रा मार्गाची. ती दक्षिणेला तापी ओलांडून धुळ्याकडे जाते आणि उत्तरेला पळासनेरवरून बिजासन घाट चढून सेंधव्याकडे. दुसरी वाट सातपुड्यातील पाड्यांची, दगडगोट्यांची. दोन्हींवर एकच ‘रेंजर’ सायकल चालवायची, तर तिच्या हँडलावर रबरी मूठ असावी की रेसर सायकलसारखी गुंडाळलेली पट्टी? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात कापूस आहे, लाख आहे, मोटारसायकल आहे आणि १९९० सालची एक गाजलेली शर्यतही आहे.

(२)
१८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली: दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला साखळी. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. साध्या सायकलच्या हँडलाला दोन टोकांवर दोन मुठी पुरत. शर्यतीच्या सायकलस्वाराला मात्र वारा कापण्यासाठी वाकावे लागे. त्याचे हँडल मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळले आणि हात ठेवण्याच्या जागा वाढल्या: मध्यभागी, वळणावर, खालच्या टोकाशी. टोकाची एकच मूठ आता अपुरी पडली. सगळ्या हँडलालाच पट्टी गुंडाळणे हा त्यावरचा उपाय ठरला.

(३)
ही जुनी पट्टी म्हणजे खाटेच्या नवारीची धाकटी बहीण. विणलेले सुती कापड, साधारण बोटभर-दीड बोट रुंद. ते तिरके गुंडाळायचे आणि प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा काही भाग झाकायचा. सुती पट्टी घाम शोषते, पण मळते आणि भिजतेही. म्हणून युरोपातील सायकलस्वार तिच्यावर लाखेचे रोगण चढवीत. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील कीटकापासून मिळते आणि तिचा मोठा पुरवठा भारतातून होई. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही याच लाखेच्या.

(४)
कापूस आणि जग यांचे नाते खानदेशाला नवे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील कापसाचे भाव भडकले. खानदेशची काळी जमीन त्या तेजीत ओढली गेली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईच्या सट्टेबाजारातील अनेक पेढ्या बुडाल्या. देशी कापसाचा धागा आखूड. तलम वस्त्रापेक्षा जाड, टिकाऊ विणीला तो अधिक योग्य. पुढे जळगाव, अमळनेर आणि धुळे येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. सुती पट्टी ही अशाच जाड विणीची वस्तू होय.

(५)
पट्टीचे काम शोभेचे नाही. तळहाताच्या करंगळीकडील बाजूला एक अरुंद मार्ग आहे आणि त्यातून ‘अल्नर’ ही नस जाते. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स ग्यों यांनी १८६१ मध्ये त्याचे वर्णन केले. हात तासन्‌तास एकाच जागी दाबून राहिला की या नसेवर भार येतो. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते. दुखणे वाढल्यास पकडही दुबळी होते. त्यावर खरा उपाय म्हणजे हाताची जागा बदलत राहणे. पट्टी गुंडाळलेले, वळलेले हँडल नेमकी तीच सोय देते.

(६)
लांबच्या प्रवासाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे मुंबईचे पारशी तरुण १९२३ मध्ये सायकलवरून जगप्रवासाला निघाले आणि १९२८ मध्ये परतले. २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पार केली. अशा शर्यतींचा रस्ता डांबरी असतो आणि तेथील सायकलींचे हँडल पट्टीचे असते.

(७)
डोंगरी सायकलचा वंश मात्र वेगळा आहे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्सजवळ काही तरुणांनी जुन्या, जड सायकली डोंगरउतारावरून सोडल्या. ही ‘रीपॅक’ शर्यत. उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की त्यातील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. नाव त्यावरूनच पडले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी या खेळासाठी खास चौकट बनवली.

(८)
या मंडळींनी सुट्या भागांसाठी मोटारसायकलकडे पाहिले. डोंगरी सायकलच्या हँडलाचा पकडीचा व्यास २२.२ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून किंचित अधिक, सात अष्टमांश इंच. अनेक मोटारसायकलींचाही तोच. त्यामुळे ब्रेकच्या दणकट लिव्हर आणि रबरी मुठी सहज बसल्या. रेसर सायकलचे वळलेले हँडल पकडीच्या भागात २३.८ मिलिमीटरचे. फरक दीड मिलिमीटरचाच. पण तेवढ्याने दोन घराण्यांचे भाग एकमेकांना बसेनासे झाले.

(९)
तरीही काहींनी ही सीमा ओलांडली. चार्ली कनिंगहॅम यांनी आपल्या ॲल्युमिनियमच्या डोंगरी सायकलींना बाहेरच्या बाजूला फाकवलेले वळलेले हँडल बसवले. जॉन टोमॅक तर १९९० मध्ये डोंगरी शर्यतींबरोबर रस्त्यावरील शर्यतीही खेळत होते. शरीराची बैठक दोन्हीकडे एकच राहावी म्हणून त्यांनी डोंगरी सायकललाही वळलेले, पट्टीचे हँडल लावले. कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झालेल्या पहिल्या अधिकृत डोंगरी जागतिक स्पर्धेत ते त्याच सायकलवर उतरले. छायाचित्रे जगभर गाजली, पण विजेतेपद हुकले. १९९१ मध्ये इटलीत ते जगज्जेते झाले, तेव्हा हँडल सरळ होते.

(१०)
एका शर्यतीवरून निर्णय काढणे योग्य नव्हे; कारण हाताच्या कामातच दिसते. दगडी उतारावर हात हँडलाला पिळतो, ओढतो, आदळतो. टोकाशी घट्ट बसलेली रबरी मूठ तो पीळ सोसते. पट्टीचे वेढे एकमेकांवर केवळ टेकलेले असतात. पीळ आणि चिखल मिळून ते सरकू लागतात. शिवाय पट्टीची जाडी दोन-तीन मिलिमीटरच. बारीक नळी घट्ट धरून ठेवताना बोटे लवकर थकतात.

(११)
दुसरा धोका जिवाशी येणारा आहे. मूठ काढून पट्टी गुंडाळली की नळीचे टोक उघडे राहू शकते. पडताना ती पोकळ कडा पोटात घुसून गंभीर इजा होते. लहान मुलांच्या अशा दुखापती वैद्यकीय नोंदींत आहेत. म्हणून पट्टी लावणाऱ्याने टोकाला बूच घट्ट ठोकलेच पाहिजे. शर्यतींच्या नियमांतही उघड्या टोकाला परवानगी नसते.

(१२)
तेव्हा शिरपूरच्या प्रश्नाचे उत्तर वाटेवर ठरते. आग्रा मार्गावर तासन्‌तास चालायचे असेल, तर हाताला अनेक जागा हव्यात आणि तेथे पट्टी सार्थ आहे. सातपुड्याच्या उतारावर हाताला एकच, न सरकणारी जागा हवी. तेथे मूठच हवी. सरळ हँडलाला पट्टी हवीच असेल, तर मुठी जागेवर ठेवून ती मधल्या भागावर गुंडाळावी. डांबरी चढावर हात तेथे विसावतात. आजच्या ‘ग्रॅव्हल’ सायकली कनिंगहॅम यांच्यासारखेच फाकवलेले हँडल पुन्हा वापरत आहेत, कारण त्यांना खडी आणि डांबर दोन्ही पार करायचे आहे. इतिहासात पट्टी हरली नाही आणि मूठही जिंकली नाही. दोघींनी आपापला रस्ता निवडला.